हातांसाठी हिवतापाच्या गोळ्या

३ सप्टेंबर १९५६, मुरमटोला

आज पोलक्याची हुकं लावायला अर्धा तास लागला. शेवटच्या हुकाशी मी रडले. बेचाळीस वर्षांची बाई, सरकारी दवाखान्यातली नर्स, आणि एका हुकासाठी रडते! कुणाला सांगायची सोय नाही म्हणून ही वही उघडली. अक्षर वाकडंतिकडं येतंय, येऊ दे.

सकाळी उठते तेव्हा दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात. मनगटं सुजून लाल. मूठ वळतच नाही. ऊन वर आलं की थोडी सैल पडतात. दोन वर्षं हेच चाललंय. नागपूरला दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणाचा वात नाही, हा सांधे आतून खाणारा. अॅस्पिरिन इतकी खाल्ली की कानात घंटा वाजायला लागल्या. बिब्याच्या तेलानं कातडी सोलून निघाली, वात जागचा हलला नाही. सोन्याची इंजेक्शनंही असतात म्हणे. मी अकराव्या वर्षी विधवा झाले. सोनं अंगावर घालायला मिळालं नाही, ते अंगात कुठून जायचं?

लिहायचं ते हे नव्हे. परवा लटारूच्या सुनेचं बाळंतपण होतं. मूल आडवं आलेलं. अशा वेळी मूल वळवण्यात माझा हात धरणारं या भागात कुणी नाही, हे मी नाही, लोक म्हणतात. पण बोटं वळेनात. शेवटी रुखमानं केलं. रुखमा म्हणजे इथली गोंड सुईण. तिच्या नखांवरून आणि नाळेवर ती लावते त्या राखेवरून मी तिला वीस वेळा तरी रागावले असेन. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मी शिकवलंय तसे साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि मूल वळवलं. मूल जगलं. मी बाजूला टॉवेल धरून उभी होते.

बातमी तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांपर्यंत पोचलीच. आज जीप घेऊन आले होते. "नीलाबाई, डिसेंबरात पुन्हा येतो. माझा हात दाबून दाखवायचा. नाही जमलं तर तुमचे कागद मला वर पाठवावे लागतील." माणूस सज्जन आहे, म्हणून जास्त लागलं.

कागद वर गेले की मी नागभीडला भावाकडे. भाऊ चांगला आहे. वहिनीही म्हणेल, बसा ताई, तुम्ही कशाला त्रास घेता. आणि मी तिच्या चुलीशेजारी बसून राहीन, मरेपर्यंत. ते मला जमणार नाही.

२० सप्टेंबर

हिवताप. तीन दिवस हुडहुडी. आमचे कंपाउंडर दादाजी यांनी क्लोरोक्विन दिलं. कडू जहर.

६ ऑक्टोबर

ताप पुन्हा उलटला. दादाजी म्हणतात, "आता महिनाभर रोज एक गोळी घेत राहा बाई. तुमी पडल्या तं हा दवाखाना मले एकट्याले ओढा लागते." पंचावन्न वर्षांचा हा माणूस नुसता कुरकुरत असतो, पण माझ्या दाराशी पेजेचं भांडं ठेवून कोण गेलं ते मला ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर

पहिल्या तारखेपासून आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. शाळेत पेढे वाटले. मला त्याचं काही नाही.

मला सांगायचंय ते असं, की आज सकाळी मूठ वळली. पूर्ण नाही, पण अंगठा तर्जनीला टेकला. आधी वाटलं झोपेत आहे. मग स्टोव्हला पंप मारला. मारता आला! एकटीच हसत बसले. दादाजींना दाखवलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, "सायेब एक डाव बोलले होते, परदेशात हिवतापाची गोळी वाताले बी देऊन पाह्यतेत म्हणून. मले तं गंमतच वाटली होती."

गंमत असो की काही असो. ताप गेला आहे, गोळी मी सोडणार नाही.

१४ डिसेंबर

डॉक्टरसाहेब आले. हात पुढे केला. मी असा दाबला की म्हणाले, "अहो, सोडा सोडा!" जीपवाल्यासकट सगळे हसले. कागद वर जाणार नाहीत.

कसं काय बरं वाटलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हवापालट." हवापालट कुठला, गेल्या वर्षभरात सावली गावाच्या पलीकडे गेले नाही. ते गेल्यावर दादाजी म्हणाले, "सांगून देलं असतं तं बरं झालं असतं."

"आणि बंद करा म्हणाले असते तर?"

ते नोंदवही घेऊन बसले. गोळ्या आम्ही हिवतापाच्या नावावर काढतो. तसा हिवताप इथे कुणाला नाही?

२ मार्च १९५७

गेल्या महिन्यात चार बाळंतपणं, चारही माझ्या हातांनी. कणीक मळते, धुणं पिळते, विहिरीवरून घागर आणते. काल एका घरी रुखमा माझ्याआधी पोचली होती आणि पाय रोवून बसली होती. मी तिला उठवलं. ती उठली, पण म्हणाली, "हात आले म्हणून लय तोऱ्यात हाये बाई." आहेच. का नसावं?

१९ जुलै

पाऊस, ओल, आणि सांधे पुन्हा सुजले. सकाळी मनगटं दारातल्या खांबाला टेकवून उभी होते, कपाळावर घाम. मागचं सगळं आठवलं. दोन गोळ्या सुरू केल्या.

११ ऑगस्ट

दोननं भागेना. तीन घेते. दादाजी बाटली हातात धरून उभे राहिले, देईनात.

"पुस्तकात तीन लिहून हाये का बाई, रोजच्या रोज?"

"पुस्तक लिहिणाऱ्याचे हात दुखत नव्हते."

दिल्या मग. ते कामातही आहेत म्हणा. भाताच्या रोवणीचे दिवस, चिखलात उभं राहून बायकांच्या पायांना जखमा होतात आणि त्यावर मांस वाढतं. ते जाळायला दादाजींनी चांदीच्या औषधाचं जहाल पाणी केलं आहे, दहा टक्क्यांचं. तेच औषध एक टक्क्याचं केलं की नव्या बाळाचे डोळे पिकून जाऊ नयेत म्हणून घालायचे थेंब होतात. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर. मी म्हटलं, वेगळी ठेवा. ते म्हणाले, आकडा लिहिला आहे मोठा.

३० सप्टेंबर

तीन गोळ्यांनी हात ताळ्यावर आले. डोक्यात कपाळावरची एक बट मात्र पांढरी झाली, एकदम, दोन महिन्यांत. दादाजी मला चिडवतात. चिडवू देत.

हल्ली संध्याकाळी कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं, तांबडं, मग हिरवं. छान दिसतं. रॉकेल बदललं असणार, या वेळचं रॉकेल पातळच आहे.

२३ नोव्हेंबर

मुंबई सरकारनं नव्या नोंदवह्या पाठवल्या. छपाई इतकी फिकी की निम्मे शब्द उडालेले. मी दादाजींना म्हटलं, कागद वाचवतात, शाई वाचवतात, लोकांनी वाचायचं कसं? त्यांनी वही हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. ते त्या सरकारला घाबरतात की काय कोण जाणे. त्यांचं स्वतःचं अक्षरही बिघडत चाललंय. हात कापत असेल, वय झालं.

१० जानेवारी १९५८

रुखमाशी भांडण. ती म्हणते, आठवडी बाजारात तिनं मला समोरून हात केला आणि मी ओळख दिली नाही. "गोंडीण म्हणून काय?" मी म्हटलं, तू समोर नव्हतीसच. ती म्हणाली, "पावलाभरावर होती मी." मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून कितीतरी वेळ बघत राहिली. मला राग आला. म्हटलं, माझ्या तोंडावर काय लिहिलंय? तर म्हणते, "बाई, तुमी माह्या कानाकडे पाहून बोलून राह्यल्या."

काहीतरीच! मान थोडी तिरपी केली की मला चांगलं दिसतं. ती आता सवयच झाली आहे. चाळिशी लागली, दुसरं काय. नागपूरला कधी गेले तर चष्मा करून आणीन.

आज भातात तीन खडे लागले. तांदूळ विकणारे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

२८ जानेवारी

डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आली. बावीस फेब्रुवारीला येणार. मला कायम करण्याचा कागद तयार आहे, फक्त प्रकृती पाहून सही घ्यायची. दादाजींनी वाचून दाखवली, कारण माझे हात शेंगदाणे सोलण्यात गुंतले होते.

मी कायम होणार. सोळा वर्षांनी.

सुकरीचे दिवस भरत आले आहेत. इसरूची बायको, बावीसची पोर, आधीची दोन मुलं गेली. एक पोटात, एक पाचव्या दिवशी. परवा माझे पाय धरून म्हणाली, "बाई, हे तरी राहू द्या." जसं काही माझ्याच हातात आहे. मी तिला सांगितलं, माझ्याच हातात आहे, घाबरू नको. आता लिहिताना वाटतं, असं बोलायला नको होतं.

१२ फेब्रुवारी, दुपार

मी रुखमाविरुद्ध तक्रार लिहिणार आहे.

सकाळी इसरू धावत आला. मी पिशवी भरली. थेंबांची बाटली फळीवरून घेतली, आकडा पाहिला, एक. निघाले. ऊन डोळ्यांत टोचत होतं. रुखमा तिथे होतीच. सुकरीचं सगळं सुरळीत झालं, या हातांनी डोकं धरलं, या हातांनी नाळ बांधली. मुलगी. रडली, चांगली खणखणीत. सुकरीनं विचारलं, "हाये का?" मी म्हटलं, "आहे, ऐकू येत नाही का तुला?" तेव्हा ती हसली. मला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता.

मग डोळ्यांचे थेंब. रुखमानं मुलीला मांडीवर धरलं आणि पापणी उघडली. मी थेंब सोडला. तो चुकला, मूल हललं असेल. गालावर पडला आणि ओघळून रुखमाच्या बोटावर गेला. तिच्या बोटाला विळा लागलेला होता. ती ओरडली. मी दुसरा थेंब घ्यायला लागले तर तिनं मुलीला छातीशी ओढलं आणि पाठ फिरवली.

"हे आपलं रोजचं पाणी नोहे बाई! हे जाळते!"

मी म्हटलं, मुलगी इकडे दे. नाही दिली. बारा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली बाई, आणि बाळंतिणीसमोर माझ्यावर ओरडते! तिनं तांब्यातलं पाणी मुलीच्या गालावर ओतलं, ओततच राहिली. सुकरी घाबरून रडायला लागली. मी पिशवी उचलून निघून आले. थेंबांवाचून या मुलीचे डोळे गेले तर त्याची जबाबदारी रुखमावर, हे मी लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

मी बाटली दादाजींपुढे ठेवली आणि म्हटलं, सांगा त्या रुखमाला, हे एक टक्क्याचं आहे की नाही ते.

दादाजी खाली बसले.

"बाई, हे दहा हाये."

मी बाटली हिसकून घेतली. समोर धरली, एक. आणखी जवळ धरली, एक. मग मान तिरपी केली. एकाच्या शेजारी शून्य होतं. डोळा सरळ केला की शून्य जात होतं. तिरपा केला की येत होतं. मी असं किती वेळा केलं ते मला आठवत नाही. दादाजींनी शेवटी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

दुसरा थेंब मी भरला होता. तो भरला होता.

१३ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. सकाळी सुकरीकडे गेले, पाय ओढत. वाटलं, इसरू कुऱ्हाड घेऊन उभा असेल तर बरं.

सुकरी हसत होती. "बाई, या!" रुखमानं मला हात धरून पायरीवरून आत नेलं आणि कानात सांगितलं, मुलीचे दोन्ही डोळे उघडे आहेत, ठीक आहेत. गालावर मात्र थेंब पडला तिथे काळा डाग उमटला आहे. चांदीच्या औषधानं उमटतोच. आणि सुकरी म्हणते काय, "तुमी तीट लावून देली न बाई. अशी पक्की तीट कोणाच्याच लेकराले नाई. दिठ लागून माहे दोन गेले."

मी रुखमाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे तिच्या बाजूला तोंड केलं. तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. मीही ती तीटच राहू दिली.

घरी येताना रुखमा म्हणाली, "त्या गोळ्यायनं झालं हे."

"गोळ्या हातांना लागतात. डोळ्यांचा काय संबंध?"

"मंग सोडून पाहा महिनाभर."

मी म्हटलं, बावीस तारीख होऊ दे.

२२ फेब्रुवारी

कायम झाले.

डॉक्टरसाहेबांनी हात पुढे केला, मी दाबला. खूष झाले. म्हणाले, "तुमच्यासारख्या चार नर्स असत्या तर मला या जंगलाची काळजी नव्हती." मग टेबलावर कागद ठेवला. "इथे सही करा."

इथे म्हणजे कुठे? टेबल दिसत होतं, कागदाची कड दिसत होती, मधे राखाडी धूर. दादाजी दौत घेऊन आले आणि दौत ठेवता ठेवता त्यांनी कागदावर आपलं बोट टेकवून ठेवलं. मी त्यांच्या नखाशी टाक टेकवला आणि सही केली. बोटाला शाई लागली त्यांच्या.

मला आनंद झाला आहे हे खरं आहे. मला माझी किळस येते हेही खरं आहे. गोळ्या आजही तीन घेतल्या.

४ मार्च

आज सुकरी आली. मुलीला घेऊन, आंघोळ घालून, नवं झबलं घालून. "बाई, तीट पुसत चालली पाहा. पुन्हा लावून द्या." मी काजळाची डबी शोधायला लागले. ती म्हणाली, "काजय नको, काजय पुसते. त्याच बाटलीतली द्या." आणि मुलीचा गाल माझ्यापुढे केला.

डॉक्टरसाहेबांपुढे मी खोटी सही केली. या मुलीपुढे जमलं नाही. मी सुकरीला बसवलं आणि सांगितलं. बाटली कसली होती, थेंब कुठे जायचा होता, कुठे पडला, का पडला. मला दिसत नाही, हे शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारले. माझे पाय धरणारी ही पोर, मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले.

पदरानं मुलीचं तोंड झाकल्याची सळसळ ऐकू आली. दाराशी जाऊन ती थांबली.

"मले तं सांगतलं बाई. याच्याआधी कितीक लेकरायच्या डोयात टाकलं?"

ती उत्तरासाठी थांबली नाही.

५ मार्च

जहाल बाटली ऑगस्टपासून फळीवर आहे. दादाजींनी नोंदवही वाचली. ऑगस्टपासून माझ्या हातचे थेंब डोळ्यांत पडलेली मुलं, सुकरीची सोडून, नऊ. नऊही वेळा मी आकडा पाहूनच बाटली घेतली होती. नऊही वेळा मला एकच दिसला होता.

दादाजी म्हणाले, "डोये गेले असते तं आयाबाया आल्या असत्या न बोंबलत." आल्या असत्या का? इथे मूल गेलं तरी कुणी दवाखान्यावर बोंबलत येत नाही. देवाचं होतं म्हणतात आणि पुरतात.

मी गोळ्यांची बाटली दादाजींना परत दिली आणि त्यांच्याकडून डॉक्टरसाहेबांना पत्र लिहवून घेतलं. गोळ्या, किती, किती दिवस, डोळे, बाटली, सही. सगळं. गोळ्या कुणी दिल्या ते मी सांगितलं नव्हतं. दादाजींनी ते आपणहून खाली लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी खोडा म्हटलं. नाही खोडलं.

दार लावून घेतलं होतं. रुखमा बाहेरून म्हणाली, "उद्या सकायीच निघू त्या नऊ घरी. तुमी एकट्या पाहून काय पाहान? मी पाह्यतो, तुमी इचारा."

२१ मार्च

आठ घरं झाली. रुखमा मुलाला उजेडाकडे धरते, त्याच्यापुढे पितळी वाटी फिरवते आणि मला सांगते. आठही घरी तिनं एकच सांगितलं, "पाह्यते बाई, वाटीमांगं डोये फिरवते." मग मी त्या घरच्या बाईला खरं सांगते. दोघींनी शिव्या दिल्या. एकीनं चहा केला. एकीला मी काय बोलतेय तेच कळलं नाही, तिचं मला सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरसाहेबांचं उत्तर आलं. गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही. अशा तक्रारी दुसरीकडूनही येऊ लागल्याचं ते ऐकतात. दृष्टी परत येईल असं ते लिहीत नाहीत. माझे कागद वर जातील, दादाजींची चौकशी होईल. नवी नर्स येईपर्यंत बाळंतपणाला फक्त रुखमानं हात लावायचा, मी सांगायचं. 'तुम्ही मला छप्पनच्या डिसेंबरातच विचारायला हवं होतं', एवढंच एक वाक्य रागाचं होतं. दादाजी ते वाचताना अडखळले.

बोटं पुन्हा सुजायला लागली. टाक धरवत नाही. रुखमानं वहीवर पट्टी धरून ओळ दाखवत ठेवली म्हणून एवढं लिहिलं.

२९ मार्च

नववं घर बुधूचं, तीन कोसांवरच्या पाड्यात. मोहाची फुलं वेचायला सगळी माणसं रानात गेली होती. घरात बुधूची बायको कमळा आणि तिचा सहा महिन्यांचा मुलगा. रुखमानं मुलाला दारात नेलं, वाटी फिरवली आणि म्हणाली, "पाह्यते बाई."

त्याच आवाजात. नऊ घरी तोच आवाज. मला वाटेत कितीदा एक संशय आला होता, आज उघडंच विचारलं. "रुखमा, माझं मन राखायला सांगतेस का?"

ती भडकली. "मले काय तुमची भीती हाये?" आणि मुलाला आणून माझ्यापुढे चटईवर बसवलं, मागून पाठीला हात देऊन. "घ्या. तुमीच पाहा."

मी काय पाहणार? त्याचं तोंड असेल तिथे मला राखाडी धूर दिसतो. मी एक बोट पुढे केलं. त्याला लागणार नाही इतकं लांब, आवाज न करता. डावीकडे नेलं. उजवीकडे नेलं. काही झालं नाही. कमळा श्वास रोखून बसली होती, तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण आयांना कळतं. मी बोट वर नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

त्यानं ते हवेत पकडलं. नेमकं सुजलेल्या पेराशी, आणि ओढून तोंडाकडे न्यायला लागला. खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. कमळा म्हणाली, "सोड रे, बाईले दुखते."

मी म्हटलं, राहू दे. त्यानं आपणहून सोडेपर्यंत मी बोट काढून घेतलं नाही.